रिकाम्या दाराचा शॉट

"चोरी हाय ही तात्या! दिवसाढवळ्या चोरी! हे दार बघ. कुणाचं हाय हे दार?"

काकासाहेबांनी मोबाइल इतका जवळ आणला की तात्यासाहेबांना चष्मा काढून मान मागे घ्यावी लागली. पडद्यावर वेरूळकडचं एक मातीचं घर होतं. पाठीला बॅग लावलेली एक मुलगी दारातून बाहेर पडली आणि उन्हात दिसेनाशी झाली. कॅमेरा काही तिच्या मागे गेला नाही. तो दाराकडे बघत बसला. कुठेतरी कोंबडी कलकलली, बाहेर वाऱ्याने धूळ उठली, आणि ते रिकामं दार तसंच दिसत राहिलं.

"संगीत नाय, बोलणं नाय, कॅमेरा जमिनीपासून हातभर वर. अरे, हा तुझा शॉट हाय! वेरूळच्या त्या जन्नत नावाच्या पोरीनं आपल्या सिनेमात जसाच्या तसा उचलला अन् तिकडं फॉरेनला जाऊन बक्षीस घेतलं. आन् तू बसलाय हितं शेंगा सोलत!"

काकासाहेब हे शहरातल्या फिल्म सोसायटीचे तहहयात सचिव. निवडणूक कधी झाली नाही, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. बँकेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी आवाज अजून काउंटरपलीकडच्या माणसाशी बोलावं तसा. तात्यासाहेब म्हस्के त्यांचे शाळेपासूनचे मित्र. उस्मानपुऱ्यातल्या निम्म्या लोकांना तात्यासाहेब ठाऊक होते ते चित्रकलेचे मास्तर म्हणून. वर्गात एक माठ मांडायचा, "काढा रे" म्हणायचं आणि खिडकीतून बाहेर बघत उभं राहायचं, अशी त्यांची ख्याती. या मास्तरांनी ऐन उमेदीत एक सिनेमा काढला होता, हे सांगितलं तर पोरं हसायची.

पण काढला होता खरा. 'कोरडा हौद' नाव. दौलताबादला, किल्ल्याच्या पायथ्याशी चुलत्याच्या घरात त्याचं शूटिंग झालं. मुलगा मुंबईला जातो, आई मागे राहते, गावचा हौद आटतो, एवढीच गोष्ट. शहरात एका टॉकीजला आठवडाभर मॅटिनीला चालला. पुढे दूरदर्शनवर एकदा लागला, तर नेमकी त्याच दिवशी उस्मानपुऱ्यातली लाइट गेली. मुंबईच्या ज्या लॅबमध्ये निगेटिव्ह होती ती लॅब बंद पडली. घरी ट्रंकेत एक प्रिंट होती. तिला आंबूस वास सुटला आणि फीत गुळाच्या ढेपेसारखी चिकटून बसली. शेवटी तात्यासाहेब एका सकाळी ते डबे पिशवीत घालून घेऊन गेले. कुठे नेले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि नंतर पुन्हा सिनेमाचं नाव काढलं नाही. पोटात काय काय जिरवतो माणूस!

तर काकासाहेब असे भडकलेले, आणि तात्यासाहेबांनी शांतपणे त्यांच्या हातातून मोबाइल घेतला. बोट फिरवून फिरवून त्यांनी तेच दृश्य पुन्हा सुरू केलं. चेहऱ्यावर राग नावालाही नव्हता.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आवडाबाईंनी ते बरोबर टिपलं. "भावजी, जरा बघा यांच्याकडं. गावाकडं बैल चोरीला गेला तर माणूस बोंब ठोकतं. यांची चोरी झाली तर गालातल्या गालात हसून राहिले."

"हसत नाय मी."

"मंग दात कामून दिसायलेत?"

आता खरं सांगायचं तर तात्यासाहेबांच्या मनात उकळ्या फुटत होत्या. चोरी करायची म्हणजे आधी वस्तू बघावी लागते. म्हणजे या पोरीने 'कोरडा हौद' पाहिलाय! कुठेतरी, कुणाच्या तरी कपाटात एखादी कॅसेट असेल, कुणीतरी टीव्हीवरून उतरवून घेतलेली, आणि ती या पोरीच्या हाती लागली असेल. आपण मेलेला समजत होतो तो सिनेमा कुठेतरी धुगधुगतोय. अरे, चोर पोरी, तुझ्या तोंडात साखर पडो! असं त्यांना वाटत होतं. पण हे काकासाहेबांना कसं सांगायचं?

त्यात लगेच पुण्याहून विश्वजीतचा फोन आला; काकासाहेबांनी चोरीची तक्रार त्याच्याही कानावर घातली होती. विश्वजीत सिनेमावर लिहायचा, आणि जुने सिनेमे शोधून दुरुस्त करणाऱ्या एका संस्थेत कामाला होता. पोरगा गोड बोलायचा. "सर, त्या बंद पडलेल्या लॅबचे डबे एका गोडाऊनमध्ये नुसते रचून ठेवलेत. हजारो आहेत. कारण असल्याशिवाय आमची संस्था ते उघडायला माणसं लावणार नाही. पण जन्नतचा सिनेमा सध्या जगभर फिरतोय. तो 'कोरडा हौद'वरून आलाय असं तिने एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, की मला कारण मिळालं. तुमच्या शहरातल्या महोत्सवात तो दाखवणार आहेत, तिथे मी तिला विचारणारच आहे. तुम्ही फक्त या."

फक्त या! तात्यासाहेबांनी त्या दिवशीच कोट इस्त्रीला टाकला.

*

महोत्सव मॉलमधल्या थिएटरात होता. पडद्यासमोर छत्रपती संभाजीनगर अशी ठळक अक्षरं असलेला फलक, बाजूला झेंडूची माळ, आणि दरवाजापाशी लाह्यांचा खमंग वास. सिनेमा सुरू होण्यापूर्वी तात्यासाहेबांचा सत्कार ठेवला होता. शाल आली, श्रीफळ आलं, फोटो झाले. मग माइक जन्नतकडे गेला.

जन्नत म्हणजे वेरूळला लेण्यांसमोर नकाशे आणि माहितीपुस्तकं विकणाऱ्या कय्युमभाईंची मुलगी. चणीने बारीक, डोळ्यांवर मोठा चष्मा, अंगात साधा कुर्ता. कय्युमभाई पहिल्याच रांगेत अंग चोरून बसले होते. मुलीने आधी तात्यासाहेबांना वाकून आदाब केला.

"मी सरांसमोर काय बोलू? मी तर कालची पोर आहे. माझ्या सिनेमात जे काही चांगलं आहे, ते सगळं सरांचंच आहे. त्यांच्याकडूनच शिकले मी."

टाळ्या पडल्या. काकासाहेबांनी तात्यासाहेबांच्या गुडघ्यावर थाप मारली, "कबूल झाली!" तात्यासाहेबांच्या छातीत असं धडधडलं की शालीतून दिसतंय की काय असं त्यांना वाटलं.

खरं तर त्यांना कळायला हवं होतं. आपल्याकडे वडीलधारा माणूस समोर बसला की असं बोलायचीच रीत आहे. कुस्ती मारलेला पैलवान म्हणतो, सगळी वस्तादांची पुण्याई. घरी जेवायला बोलावताना माणूस म्हणतो, या, मीठभाकर खाऊन जा, आणि ताटात पुरणपोळी असते. त्या मीठभाकरीवर कुणी पंचनामा करत नाही. पण ज्याला ऐकायचंच असतं त्याला कोण समजावणार!

दिवे गेले, सिनेमा सुरू झाला.

सुरुवातीला तात्यासाहेब आपल्या खुणा शोधत होते. कॅमेरा खाली ठेवलेला. आपलं. माणसं पाठमोरी बोलतायत. आपलं. भांडण दिसत नाही, भिंतीपलीकडून नुसतं ऐकू येतं. हेही आपलंच! हरवलेलं जनावर दुसऱ्याच्या गोठ्यात दिसावं आणि त्याच्या पाठीवरचा चट्टा ओळखावा, तसं त्यांना झालं होतं. दोनदा तर त्यांनी आवडाबाईंना कोपर मारलं. "बघितलं का?" आवडाबाई म्हणाल्या, "बघून राहिले. तुम्ही गप बसा."

मग ते दार आलं. शिकायला निघालेली नात बाहेर पडली आणि दार रिकामं झालं. तात्यासाहेब पुढे सरकून बसले. त्यांच्या सिनेमात इथे उंबऱ्यावरचं ऊन हळूहळू खाली उतरायचं आणि शॉट संपायचा. त्या उन्हासाठी दौलताबादला सगळ्यांना दिवसभर ताटकळत ठेवलं होतं त्यांनी.

इथे शॉट संपला नाही. आतून दादी आली. हातात सूप, सुपात तांदूळ. ती उंबऱ्यात आपल्याकडे पाठ करून बसली. पण मधोमध नाही, एका कडेला, कुणी आलंच तर वाट असावी म्हणून. तांदूळ निवडू लागली. एक शेजारीण आली आणि बाहेरूनच म्हणाली, "गई क्या छोकरी?" दादी म्हणाली, "हौ, गई." "फिर दरवाज़ा लगा लो ना, धूल आरी." दादी मान वर न करता म्हणाली, "पहुंचने दो उसको पहले." एक शेळी डोकावून गेली. कुणाचं तरी पोर वाटीभर साखर घेऊन गेलं. ऊन कलत गेलं. कॅमेरा हलला नाही, दार लागलं नाही, आणि दादीच्या शेजारची ती जागा कुणी घेतली नाही.

तात्यासाहेबांच्या अंगावर सरसरून काटा आला. अगं पोरी, पोरी! हे मला का नाही सुचलं? मला वाटलं, माणूस गेलं की दार रिकामं होतं, संपलं. तिथे बसायला कुणीतरी येतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर माझी आई तशी बसायची, आणि मी ऊन बघत राहिलो! त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. काही धारा निव्वळ कौतुकाच्या होत्या. इतका सुंदर शॉट त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

आणि त्याच धारांमधून त्यांना लख्ख कळून चुकलं, की या मुलीने आपला सिनेमा पाहिलेला नाही. गुरू जिथे थांबतो तिथेच नक्कल करणारा थांबतो. शाळेत इतकी वर्षं हेच बघितलं होतं त्यांनी. फळ्यावरच्या माठाला तडा काढला, की सगळ्या वह्यांमधले माठ तडकायचे. ही मुलगी थांबली नव्हती. आपण कुठे थांबलो होतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

त्यांना मुंबईचा तो जुना समीक्षक आठवला. 'कोरडा हौद'बद्दल छापून आलेला एकमेव मोठा लेख त्याचा. त्यात लिहिलं होतं, की दिग्दर्शकावर एका जपानी उस्तादाची दाट छाया आहे. तात्यासाहेबांनी तोवर जपानी सिनेमा सोडा, जपानी माणूसही पाहिला नव्हता. आपण ज्याची नक्कल केली तो आहे तरी कोण, हे बघायला ते मुद्दाम पुण्याला गेले. अंधारात बसून त्या उस्तादाची घरं, जिने, पाठमोऱ्या आया बघितल्या आणि हरखून गेले. हा तर आपला चुलता निघाला! महिनाभर ते ज्याला त्याला त्याच्याबद्दल सांगत होते. पण मनात एक काटा राहिला तो राहिलाच. आईच्या घरात उभं राहून जे पाहिलं होतं, त्यावर लोकांनी दुसऱ्याचं नाव लिहिलं होतं.

*

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. विश्वजीत माइक घेऊन जन्नतशेजारी उभा राहिला.

"जन्नत, सुरुवातीला तुम्ही म्हणालात, हे सगळं म्हस्के सरांकडून आलंय. दाराचा शॉट 'कोरडा हौद'मधूनच आला, असं म्हणता येईल?"

जन्नतने एकदा तात्यासाहेबांकडे, त्यांच्या खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं. "जी... हो."

"कुठे पाहिलात तुम्ही तो?"

"टीव्हीवर. लहानपणी. नीट आठवत नाही."

"काय लक्षात राहिलं त्यातलं?"

मुलगी अडखळली. "ते... पाणी. हौदाच्या पाण्यात किल्ला दिसतो ना, तो शॉट."

नावातच कोरड्या असलेल्या हौदात पोरीने काठोकाठ पाणी भरलं! काकासाहेबांनी कपाळावर हात मारला. पण बाकी कुणाला काही खटकलं नाही. खटकायला सिनेमा पाहिलेला हवा ना! विश्वजीतनेही नव्हता पाहिला. तो खुशीत येऊन म्हणाला, "म्हणजे प्रभाव स्पष्ट आहे."

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक जण उठला. "प्रभाव म्हणा नाहीतर काही म्हणा, पण मग पडद्यावर त्यांचं नाव का नाही?" दुसरा म्हणाला, "याला आमच्याकडं चोरी म्हणतात." कुणीतरी हसलं. मोबाइल वर झाले. "बक्षीस परत करणार का मॅडम?" असंही एक जण ओरडला. विश्वजीत "शांत, शांत" म्हणत राहिला. कय्युमभाई अर्धवट उठून पुन्हा बसले. जन्नतचा चेहरा पांढराफटक पडला. बोलायचं ते काय? शाल पांघरलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडावर, भरल्या सभेत, की मी तुमचा सिनेमा कधी बघितलेलाच नाही, तुमचं नावसुद्धा गेल्या आठवड्यात ऐकलं? तिच्या घरात तिला असं वागायला शिकवलं नव्हतं. अदब पाळायला गेली आणि खड्ड्यात पडली बिचारी.

तात्यासाहेबांनी नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढ्यावर गोडाऊनचं कुलूप निघणार होतं. माणसं डबे शोधणार होती, आणि एखाद्या दिवशी याच पडद्यावर त्यांची आई, त्यांचं दार, त्यांचं ते उतरतं ऊन दिसणार होतं. मरण्याआधी एकदा. त्यांना ते फार फार हवं होतं. काकासाहेब कानाशी कुजबुजले, "तात्या, तोंड उघडू नको. तुला मपली शपथ हाय."

तात्यासाहेब उठले आणि त्यांनी माइक मागून घेतला.

"एक मिनिट. हे जे चोरी चोरी म्हणून राहिले ना, त्यांनी जरा बसून घ्या." वर्गात बोलायचा तोच आवाज निघाला, आणि लोक खरंच बसले. "या पोरीनं माझा सिनेमा पाहिलेला नाय."

"सर, त्या स्वतः म्हणाल्या..." विश्वजीत म्हणाला.

"म्हणणारच. म्हाताऱ्याचा मान राखला तिनं. माझ्या हौदात पाण्याचा टिपूस नव्हता. त्यात किल्ला कसा दिसंल?" लोक हसले. तात्यासाहेब जन्नतकडे वळले. "खरं सांग बेटा. मला राग येणार नाय. पाहिलास का?"

जन्नतने मान खाली घातली. "नाही सर. माफ करा."

"माफी कशाची? दार कुठून आणलंस ते सांग."

"दादीचं आहे," ती म्हणाली. आता मात्र तिचा आवाज मोकळा झाला. "माझी दादी, नजमुन्निसा. घरातून कुणी निघालं की ती दार लावू देत नाही. 'जानेवाले के पीछू दरवाज़ा नै लगाते बेटा' म्हणते. मी शिकायला पुण्याला निघाले, तेव्हा गल्लीच्या वळणावरून वळून बघितलं तर दार उघडंच. मी पोचल्याचा फोन येईपर्यंत उघडं होतं, अब्बांनी सांगितलं नंतर. मी तिथे नव्हते ना. मागे काय झालं असेल ते बघायचं होतं मला. म्हणून कॅमेरा तिथे ठेवला."

"ऐकलं?" तात्यासाहेब म्हणाले. "माझी आई बी हेच म्हणायची. माणूस गेल्या गेल्या दार लावू नये, केर काढू नये. तिकडं वेरूळ, इकडं दौलताबाद, मधी एक घाट. म्या ते दार दाखवलं अन् घाबरून शॉट तोडला. या पोरीनं तोडला नाय. ती तिथं बसून राहिली. तुम्ही आज जे बघितलं ते माझ्याकडून आलेलं नाय, आन् मला जमलंबी नसतं. तिचं हाय, तिच्या नावावर ऱ्हाऊ द्या. मला लई आवडला." मग त्यांनी माइक परत दिला. "बसतो," म्हणून ते बसले.

टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या. काकासाहेबांनी मात्र हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

*

बाहेर विश्वजीत त्यांना भेटला. "सर, मोठं मन दाखवलंत. पण आता मी संस्थेत काय सांगू?"

"जे झालं ते सांगा."

"सांगतो. त्या गोडाऊनचं... बघतो मी काहीतरी."

उभी हयात शाळेत गेलेल्या माणसाला 'बघतो' म्हणजे काय ते कळतं. तात्यासाहेबांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. काकासाहेबांना ते थोपटणंही सहन झालं नाही. "तोंडाशी आलेला घास होता, तात्या. कोण बघणार आता तुझा सिनेमा? मी मेलो, तू मेला, की संपलं." एवढं बोलून डोळे पुशीत ते रिक्षा बघायला गेले. त्यांचं काही चुकत नव्हतं.

तात्यासाहेब मॉलच्या पायऱ्यांवर आवडाबाईंशेजारी टेकले. समोर संध्याकाळच्या उन्हात गाड्या लावायला माणसं हुज्जत घालत होती. जन्नत आली, आणि न विचारता खालच्या पायरीवर बसली. कय्युमभाई थोडे दूर उभे राहिले.

"सर, माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं. ते विश्वजीत सांगत होते."

"कसलं नुकसान? कोरड्या हौदात पाणी आणलंस तू. भल्याभल्यांना नाय जमलं ते."

ती हसली नाही. "सर, सांगा ना मला. तुमचा सिनेमा."

"सांगून काय व्हतं? बघायचा असतो तो."

"तुम्ही सांगा. मी बघते."

तात्यासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ते सांगू लागले. आधी बिचकत, मग रंगत. पहिल्या शॉटात आई अंगण झाडते, झाडूचा आवाज आधी येतो आणि अंगण मागून दिसतं. मुलगा नवे बूट घालून खोलीत चालून बघतो, आपल्याला फक्त बूट दिसतात. एसटी येते ती धुळीतून. ते दार येतं. मग हौदावर बाया भांडतात, मग एक एक बाई यायची बंद होते, आणि शेवटी आईची एकटीची घागर. हातांनी चौकट करून ते दाखवत होते. जन्नत मध्येच विचारायची, "कॅमेरा कुठे होता?" "उजेड कुठून होता?" आणि ते सांगायचे. कय्युमभाईसुद्धा कधी जवळ येऊन बसले ते कळलं नाही.

"आन् शेवटी..." तात्यासाहेब म्हणाले, आणि थांबले.

शेवटी काय होतं? त्यांना त्या दिवसाचं सगळं आठवत होतं. जीप बंद पडली होती. कॅमेरामनला ताप होता. चुलतीने सगळ्यांना पिठलं करून घातलं होतं. पण पडद्यावर शेवटी काय दिसायचं, ते काही केल्या डोळ्यांसमोर येईना. त्यांनी डोळे मिटले, उघडले. हात तसेच चौकट धरून राहिले होते आणि चौकटीत काहीच नव्हतं. त्यांना भीती वाटली. जन्नतला वाटलं सरांचं मन भरून आलंय. तिने नजर खाली वळवली.

"मंग ती हौदात उतरती," आवडाबाई म्हणाल्या.

तात्यासाहेबांनी मान वळवली. या बाईने लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या सिनेमाबद्दल कधी धड अवाक्षर काढलं नव्हतं. काढलंच तर थट्टेने.

"एक एक पायरी उतरती," आवडाबाई समोरच्या गाड्यांकडे बघत सांगत होत्या. "पार तळाला जाती. घागर खाली ठेवती. तळाला भेगा पडलेल्या असत्यात, त्यावरून हात फिरवती. आन् मंग म्हणती, 'आलास का?'"

"कुणाला म्हणते?" जन्नतने विचारलं.

"नाव नाय घेत ती. नुसतं 'आलास का?' हौदातून तेच परत ऐकू येतं."

तात्यासाहेब ऐकत राहिले. हे त्यांनी लिहिलं होतं? शूट केलं होतं? की ही बाई इतकी वर्षं लसूण सोलता सोलता आपल्या मनानं रचत आली होती? त्यांना सांगता येईना. पडताळून बघायला आता काही उरलंही नव्हतं.

"फिर?" कय्युमभाई म्हणाले.

"फिर काय नाय. हौदच दिसत ऱ्हातो. लई वेळ. मला वाटलं, मशीन बंद पडलं." आवडाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "पन टॉकीजात कुणी उठलं नाय."

"कुणीच?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"कुणीच नाय. तुम्हाला काय ठावं? तुम्ही भ्याला व्हता. आठवडाभर बाहेरच चकरा मारत व्हता."

रिक्षा आली. काकासाहेब लांबून हाका मारू लागले. तात्यासाहेबांनी त्यांना हातानेच थांब म्हटलं, आणि पायरीवर थोडे सरकून आवडाबाईंकडे तोंड केलं.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "ती उतरती तिथपासून."